तहानेची सवय

पूर्णा गावातल्या एका शेतात भेंडी खुडायला आम्ही सहा बाया होतो. शेताच्या तीन बाजूंनी गोदामं उभी राहिली, झुडपं गेली, आणि बाईमाणसाला आडोसा म्हणून उरला नाही. रस्त्याला ओळीनं ट्रक, अन् ड्रायव्हरांना बघण्यावाचून दुसरं काम नाही मेल्यांना.

माझी सून चंद्रा पहिल्या उन्हाळ्यात सारखी तांब्या तोंडाला लावायची. मग जायचं कुठं? एकदा रडकुंडीला आली, तेव्हा मीच शहाणपण शिकवलं. "सकाली घोटभर पी, मग घरी गेल्यावरच. दोन दिवस तरास होल, मग पानी लागतच न्हाय. आमी काय मेलो?" कंबर भरली की पदराच्या गाठीतली दुखण्याची गोळी द्यायची. पुढे ती रोजच मागायला लागली, मी देत गेले. अशी चिवट सून मिळाली म्हणून गावभर मिरवायची मी!

तिसऱ्या मे महिन्यात तिचे पाय सुजले, तोंड सुजलं. एका दुपारी सरीतच कोसळली. मी आणि मुलानं तिला ठाण्याला नेलं. रक्त तपासून डॉक्टरबाईंनी विचारलं, "उन्हात काम करताना पाणी किती पिता?"

चंद्रा कौतुकानं म्हणाली, "न्हाय पीत. आमच्या आयनं सवय लावलीय."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. दोन्ही किडन्या गेल्यात जमा, म्हणाल्या. ऊन, तहान आणि त्या गोळ्या.

मुलगा तिच्यापाशी राहिला. दुसऱ्या दिवशी मी बांधावर चार बांबू रोवले आणि भोवती माझं लग्नातलं लुगडं गुंडाळलं. शेतमालक पंढरीनाथ धावत आला. "ह्ये काय सोंग?"

"बायांची मोरी हाय. हात लावून बघ!" कोयता माझ्या हातातच होता. तो गुमान परत गेला.

आठवड्यानं चंद्रा घरी आली, आठवड्यातून दोनदा रक्त साफ करायच्या मशीनवर जायच्या बोलीवर. मी माठातला गार तांब्या भरून तिच्या खाटेशी धावले. "पी बाय, पोटभर पी."

तिनं तांब्या घेतला, गालाला लावून धरला आणि परत दिला. आता दिवसाला चारच पेले पाणी, जास्त झालं तर छातीत साठेल, असं डॉक्टरबाईंनी निघताना तिला बजावलं होतं. तीन पिऊन झाले होते. चौथा रात्रीच्या औषधासाठी राखलेला.

"रडू नको, आये," ती म्हणाली. "मना सवय हाय."