चौदा पावत्या

बँकेची चूक होती हे आता बँकही मान्य करते. पण त्या चुकीत अर्धा वाटा माझा आहे, आणि तो बँकेच्या हिशेबात कुठेच नाही. म्हणून मीच सांगते.

आमचे हे पुस्तकं बांधायचे. घराच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. एक लोखंडी प्रेस, पुठ्ठे कापायचं यंत्र, दाभण, दोऱ्याची रिळं आणि खळीचं पातेलं. मी शाळेच्या ऑफिसात चौतीस वर्षं क्लार्क होते, शेवटची अकरा हेडक्लार्क. म्हणजे एका घरात कागदावर जगणारी दोन माणसं, पण आमचं कागदाबद्दल कधी जमलं नाही. माझ्यासाठी कागद म्हणजे पुरावा. ह्यांच्यासाठी कागद म्हणजे माल. तो जाड की पातळ, कुठल्या बाजूने सरळ फाटतो, खळ किती पितो, हे आधी बघायचे. वर काय लिहिलंय ते वेळ उरला तर. उत्कृष्ट सेवेबद्दल मला मिळालेलं प्रशस्तिपत्रक एकदा त्यांनी एका शब्दकोशाच्या पाठीत घातलं होतं. मी घर डोक्यावर घेतलं तेव्हा म्हणाले, "कागद फार सुरेख होता गं."

घराचं कर्ज त्यांच्या नावावर होतं. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला ते स्वतः चालत जाऊन रोख भरायचे. चेक नको, खात्यातून परस्पर वळता नको. आपल्या हाताने दिलं की फिटल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. हाताने भरलेली स्लिप, त्यावर बँकेचा शिक्का, आणि तिचा अर्धा तुकडा आपल्याला. तो मी फायलीला लावायचे. मग बँकेत नवे कॉम्प्युटर आले आणि काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, आता सगळं मशीनमध्ये असतं. पावत्या सांभाळायची गरज नाही." मी तेव्हा रिटायर होण्याच्या गडबडीत होते, फायलीकडे माझं लक्ष नव्हतं. आणि ह्यांना तर आयतंच निमित्त मिळालं. पुस्तकाला वरचं कापड चढवण्याआधी पाठीला आतून कागदाच्या पट्ट्या चिकटवतात, त्याने पाठ ताठ राहते. स्लिपचा कागद चिवट. चौदा महिन्यांच्या चौदा पावत्या अशा लोकांच्या पुस्तकांच्या पाठीत गेल्या.

चौदा महिने बँक गाढ झोपली होती. पंधराव्या महिन्यात जागी झाली ती थेट जप्तीची भाषा करत. चौदा हप्ते थकले आहेत, साठ दिवसांत व्याजासकट भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ.

नोटीस मी वाचली, मग ह्यांना वाचायला दिली. हात खळीचे होते म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवूनच वाचली.

"चुकलेत ते," म्हणाले. "मी भरलेत."

"पावत्या?"

"पुस्तकांत गेल्या."

"कुठल्या पुस्तकांत?"

"आता ते काय मी लिहून ठेवलंय?"

मी हसले नाही. दुसरा कुणी ऐकता तर हसला असता.

तसा त्यांनी शोध घेतला. आठवतील तेवढ्या गिऱ्हाइकांकडे गेले, दोन पुस्तकं परत आणून ओल्या फडक्याने पाठी सोडवल्या. आत वर्तमानपत्र निघालं. बाकीची बहुतेक एका कॉलेजच्या लायब्ररीची होती, दोनशेच्या वर खंड. तिथले ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तकं बांधायला दिली होती, उसवायला नाही." ह्यांना ते पटलं. घरी येऊन मला तसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. सांगायला लाज वाटते, पण चुकचुकली. ह्यांचा एक छापखानेवाला मित्र होता, सदा कडकीत. काही वर्षांपूर्वी ह्यांनी त्याला मला न सांगता पैसे दिले होते, आणि मला ते त्या मित्राच्या बायकोकडून कळलं होतं. एकदा झालं ते पुन्हा झालं असेल, असं मला वाटलं. एवढी मोठी बँक खोटं कशाला बोलेल? आणि हा माणूस तर चौदाच्या चौदा पावत्या पुस्तकांत गेल्या म्हणतो.

त्या दिवशी जेवताना मी बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडणातलं बोलणं माणूस सोडून देतो. मी म्हणाले, "अहो, चौतीस वर्षं मी खिडकीत बसून हेच ऐकलंय. फी भरली होती मॅडम, पावती हरवली. पावती नाही म्हणजे भरले नाहीत."

 त्यांनी जेवण संपवलं, ताट उचललं, धुतलं आणि खाली दुकानात गेले.

मी माझ्या रिटायरमेंटच्या पैशातून चौदाही हप्ते भरले, व्याजासकट. ते एवढंच म्हणाले, "दोनदा भरते आहेस." पुढचे हप्तेही मीच चेकने भरायला लागले. छापखानेवाल्या मित्राचं नाव मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पण त्यांना कळलं होतं. बत्तीस वर्षं एका घरात काढल्यावर न बोललेलंही कळतं.

आणि मग पावत्या यायला लागल्या. मी मागितल्या नव्हत्या. भाजी आणली की भाजीवाल्याच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी. औषधाची पावती, रिक्षाची पावती. एकदा केस कापून आले आणि टेबलावर एक चिटोरं ठेवलं. न्हाव्याने रक्कम लिहून खाली सही केली होती. तो न्हावी सही करताना काय म्हणाला असेल, ह्यांनी त्याला काय सांगितलं असेल, हे आता माझ्या मनात येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मी ते चिटोरं घेतलं आणि बाकीच्यांबरोबर तारखेप्रमाणे टाचून ठेवलं. चौतीस वर्षांची सवय, दुसरं काय.

असे सात महिने गेले. आम्ही भांडत नव्हतो. "चहा ठेवू का", "दूध आलंय", "लेकीचा फोन होता", सगळं बोलणं होत होतं. पूर्वी ते जिन्यावरून हाक मारून मला खाली बोलवायचे, एखादं जुनं पुस्तक बांधायला आलं की त्यातली चित्रं दाखवायला. ते बंद झालं.

एका सकाळी अकराच्या सुमाराला प्रेसचा दांडा आवळता आवळता ते खाली बसले. समोरच्या दुकानदाराने मला हाक मारली. मी खाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हाताला खळ होती, ती मी पुसली.

दोन महिन्यांनी दातांचे डॉक्टर आले. ह्यांचं जुनं गिऱ्हाईक. गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. हातात एक जाडजूड पुस्तक होतं, त्याच्या पाठीचा एक कोपरा पार लोंबत होता.

"शिवण पक्की आहे हं," त्यांनी आधीच सांगितलं. "आमच्या कुत्र्याने चावलंय."

दातांच्या डॉक्टरांच्या पुस्तकाला कुत्र्याने दात लावावेत, ह्यांना हे चार दिवस हसायला पुरलं असतं. मी डॉक्टरांना सांगितलं की हे आता नाहीत. ते बिचारे खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. पुस्तक परत न्यायला त्यांनी हात पुढे केला तेव्हा मला उचकटलेल्या पाठीतून निळा शिक्का दिसला.

डॉक्टरांनीच कात्रीने ती पट्टी सोडवली. दात काढतात तशी, अगदी हळू. बँकेचा शिक्का, तारीख, रक्कम, आणि ह्यांच्या अक्षरात कर्जखात्याचा नंबर. एकही आकडा चुकलेला नव्हता. मी तो तीनदा वाचला. 

बँकेत नवीन मॅनेजर होत्या, लेकीच्या वयाच्या. पावती बघून त्यांनी स्वतः मशीनवर शोधलं. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. काउंटरवरची ती मुलगी नंबराचे शेवटचे चार आकडे टाकायची आणि जे पहिलं नाव येईल त्यावर रक्कम चढवायची. पहिलं नाव येत होतं ते एका पेट्रोल पंपाच्या मालकाचं. चौदा महिने त्याचं कर्ज आपसूक कमी होत होतं आणि त्याने ब्र काढला नव्हता. फुकटचं कुणाला कडू लागतं?

"सॉरी, काकू," मॅनेजर म्हणाल्या. "सगळे पैसे व्याजासकट परत मिळतील. त्यातून उरलेलं कर्जही फिटतंय. घर मोकळं झालं तुमचं." मग त्यांनी कपाटातून एक फाईल काढली. "आधीच्या तक्रारी आहेत यात, त्या बंद कराव्या लागतील. तुम्ही सही करा."

"कुठल्या तक्रारी?" मी विचारलं. मी कधी तक्रार केली नव्हती. मी तर निमूटपणे पैसे भरून मोकळी झाले होते.

फायलीत सात अर्ज होते. महिन्याला एक, सगळे पाच तारखेचे. हप्ता मी भरायला लागल्यावरही हे दर पाच तारखेला बँकेत जात होते आणि मला ठाऊक नव्हतं. प्रत्येक अर्जावर लाल शाईत एकच शेरा होता, 'पुरावा जोडावा'. असा शेरा मी स्वतः हजारदा मारला असेल.

पहिले सहा अर्ज पैशांबद्दल होते. सातवा ते जायच्या चार दिवस आधीचा. त्यात ह्यांनी लिहिलं होतं: 'पैसे परत मिळाले नाहीत तरी माझी तक्रार नाही. मी हप्ते वेळेवर भरले होते एवढंच आपण एका कागदावर लिहून द्यावं. माझ्या पत्नीला दाखवायचं आहे. ती स्वभावाने वाईट नाही. तिला कागद लागतो.'

मी मॅनेजरबाईंना म्हणाले, "हे लिहून द्या."

"काकू, असा काही नमुना नसतो आमच्याकडे. पैसे जमा झाल्याचं पत्र येईलच तुम्हाला."

"ते नको. त्यांनी मागितलंय ते द्या."

 त्यांनी अर्ज वाचला, आणि टाइप करायला बसल्या. चार ओळी झाल्या. सही केली, शिक्का मारला, कागद माझ्यापुढे ठेवला. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचे चौदा हप्ते सदर इसमाने वेळेवर आणि स्वतः भरले होते.

"पोच हवी," असं म्हणत त्यांनी रजिस्टर पुढे केलं.

मी 'कागद मिळाला' असं लिहिलं आणि सही केली. तारीख घालताना हात थांबला. आज कितवी, ते मला आठवेना. मॅनेजरबाईंनी सांगितलं, "पाच."