घोट्यापाशी थांबलेली टेप

मी मधली सीट बोलतेय. एका सेडान गाडीची, मागच्या बाजूची, मधली. खरं तर मला सीट म्हणणं हीच मेहेरबानी. माझ्या दोन्ही बहिणींची बैठक खोलगट आणि मऊ आहे. माझी फुगीर आणि कडक. पायांपाशी गाडीचा तळ उंच येतो, त्यामुळे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला लागतात. माझ्यावर आपणहून कोणी बसत नाही. घरात ज्याला "तू सरक गं मध्ये" असं सहज म्हणता येतं, ते माणूस माझ्या वाट्याला येतं.

या घरात ती चिमणी होती. नववीत गेली तरी घरचे चिमणीच म्हणत. फार बोलायची नाही. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या आणि मध्ये ती, अंग चोरून. वळण आलं की आत्या तिच्या खांद्यावर हात ठेवायची. तेवढ्यासाठी चिमणीला मी आवडत असेन.

चिमणीचे बाबा शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गाडी चालवतानाही त्यांच्या गळ्यात टेप असायची. आत्या त्यांची थोरली बहीण. तिनेच त्यांना वाढवलं, सुईत दोरा ओवायलाही तिनेच शिकवलं. "आमच्या मास्तरचं माप चुकत नाही," हे ती गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवायची की मलाही पाठ झालं होतं.

मग आत्या जिन्यावरून पडली. प्लास्टर निघालं, पण गुडघा लाकडासारखा ताठ राहिला. आठवड्यातून तीनदा व्यायामाला न्यायचं ठरलं. पुढे बसवून पाहिलं, तर पाय डॅशबोर्डखाली अडला. मागे आडवं बसवलं, तर कंबर धरली.

गाड्या विकणारा एक ओळखीचा माणूस दुकानासमोर मिनीव्हॅन घेऊन आला. दार बाजूला सरकत होतं, आतला तळ सपाट होता.

"मास्तर, सीट कमरेच्या उंचीवर आहे. ताईंना वाकायला नको की चढायला नको. नुसतं टेकायचं."

मास्तरांनी टेप काढली. व्हॅनमध्ये चव्वेचाळीस इंच भरले. मग माझ्या शेजारची जागा मोजली, पुढची सीट पार पुढे ढकलून. अडतीस. आत्याचा पाय त्यांनी दुकानातच मोजला होता. छत्तीस.

"दोन इंच सुटतायत की! व्हॅन फार ढगळ आहे हो. गाडी कशी अंगाबरोबर हवी."

"अरे, तुझ्या चड्ड्या मी वाढत्या अंगाच्या शिवायचे, विसरलास?" आत्या दारातून म्हणाली.

"ताई, तुझं अंग आता वाढणार आहे का?"

सगळे हसले. मास्तरांनी पुढच्या सीटच्या पाठीवर निळ्या खडूने ३८ लिहिलं. व्हॅन परत गेली.

पहिल्याच फेरीत मला कळलं. आत्याचा तळवा त्या आकड्यावर दाबून बसला होता. ब्रेक लागला की धक्का थेट गुडघ्यात जायचा. आत्या पदराचा बोळा तोंडात धरायची, पण माप चुकलं असं म्हणायची नाही. चिमणी वाकून तळव्याच्या आणि सीटच्या मध्ये आपला हात घालायची. तिची बोटं चेंगरायची. मी ओरडत होते, "पाहा ना मागे!" पण सीटचं ओरडणं कोणाला ऐकू येणार? लोकांना वाटलं, स्प्रिंग करकरतेय.

चौथ्या फेरीनंतर आत्याने जाणं बंद केलं. "आज बरं वाटत नाही," म्हणायची. दोन आठवडे माझ्यावर कोणी बसलं नाही. शेवटी मास्तरांनी हट्टाने नेलं, तेव्हा व्यायाम घेणाऱ्या बाई तिला सोडायला गाडीपर्यंत आल्या. खिडकीतून म्हणाल्या, "आता तीनच आठवडे उरलेत. तेवढ्यात गुडघा वळला नाही, तर पाय कायमचा असाच राहील."

गाडी निघाली. आत्या म्हणाली, "राहू दे असाच. मी नाही येणार आता."

"अगं, पण त्रास कसला होतोय? माप बरोबर आहे."

"असेल रे बाबा."

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. चिमणीने मागून त्यांच्या गळ्यातली टेप ओढली आणि आत्याच्या कमरेपासून पायावर धरली. घोट्यापाशी छत्तीस. ती थांबली नाही. टाच, तळवा, चपलेचा जाड तळ. चाळीस.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही पायजम्याचं माप घेतलंत."

मास्तरांनी ३८ वर टेकलेला तळवा पाहिला. मग चिमणीची काळीनिळी बोटं पाहिली. एवढा मोठा माणूस स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. आत्या म्हणाली, "पुरे रे. उसवून पुन्हा शिवता येतं."

दुसऱ्याच दिवशी माझ्या बदल्यात व्हॅन आली. आत्याचा पाय पसरायला व्हॅनची मधली सीट काढून टाकली होती. आत्या नुसती टेकली आणि आत गेली. चिमणी पार मागच्या, अरुंद सीटवर बसली. तिथून आत्याचा हात तिच्या खांद्याला पोचत नव्हता. दार सरकलं. मी काचेतून पाहत राहिले.

आता मी जुन्या गाड्यांच्या आवारात उभी आहे. तीन आठवडे कधीच उलटून गेले. इथे कोणी काही सांगत नाही. गिऱ्हाइकं येतात, बाजूच्या सीट दाबून पाहतात, माझ्याकडे बघतही नाहीत. उद्या आतून धुणार आहेत म्हणे. निळा आकडा पुसला जाईल, मग त्या घराचं माझ्याजवळ काहीच उरणार नाही.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा रिकामी सीट मोजू नका. आपलं माणूस बसवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. आणि गळ्यात टेप घातलेल्या शिंप्याचं दुकान कुठे दिसलं, तर जरा आत डोकावून मला एवढंच कळवा हो, पाणी मारायच्या आधी कळवा...

आत्याचा गुडघा वळला का?