झुलालची सव्वीस पावलं

"तीन हजार नव्हे, तीस हजार माणूस होतं," मी म्हणालो आणि चहाचा कप खाली ठेवला, म्हणजे दोन्ही हात मोकळे झाले. "त्या ओरड्याने मेहरूण तलावातले बगळे जे उडाले, ते थेट मुक्ताईनगरला जाऊन बसले."

"आबा, मागच्या वर्षी ते धरणगावला बसले होते," माणकचंद कापडवाला म्हणाला.

"वय झालं माझं. बगळे अजून तरुण आहेत."

कॉलेजला पन्नास वर्षं झाली म्हणून जिमखान्याच्या पडवीत आम्हा जुन्या चाहत्यांची बैठक बसली होती. स्मरणिकेत कॉलेजच्या खेळातले मोठे विजय छापायचे होते. त्यात पहिला कोणता, ते आम्ही ठरवायचं. कोणी व्हॉलीबॉलचं नाव काढलं, कोणी मुलींच्या खो-खोचं, ज्यात सारिका एकटी पूर्ण डावभर पळत राहिली होती. दोन्ही चांगले. पण अठ्ठ्याऐंशी सालचा कबड्डीचा अंतिम सामना निघाला की बाकीचे आपोआप खाली बसतात. धुळ्याशी बरोबरी, शेवटची चढाई, आमच्या कुंदनच्या कमरेला धुळ्याच्या नवलची मिठी, आणि त्या मिठीसकट कुंदन असा आडवा झाला की बोटाचं एक पेर मधल्या रेषेपलीकडे टेकलं. एका गुणाने जिंकलो. एवढं खरं. बाकीचं सगळं मी घातलेलं आहे.

कुंदन दोन वर्षांपूर्वी गेला. नवलला मात्र मुद्दाम बोलावलं होतं. धुळ्याच्या एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला, रुंद पंज्यांचा, कमी बोलणारा माणूस. त्याला शाल-नारळ दिलं आणि मग त्याच्यासमोर त्याचाच पराभव तासभर सांगितला. आमच्याकडे सत्कार असाच करतात.

"नवलभाऊ, तुम्हीही बोला ना दोन शब्द," माणकचंद म्हणाला.

"मी काय बोलू? डेपोत साहेब विचारायचा, लग्न ठरताना सासरा विचारायचा. अरे, वीतभर मागे ओढला असतास तर? अजून विचारतात सगळे, बठ्ठे."

आम्ही हसलो. तोही हसला, जरा उशिरा.

"ती रेघ चुकेल व्हती," दाराकडून आवाज आला.

दाराशी स्टुलावर झुलाल बसला होता. हा आमच्या मैदानाचा शिपाई, आता निवृत्त. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायच्या, एवढंच त्याने आयुष्यभर केलं. टेप खेळाच्या सरांच्या कपाटात कुलपात असे, आणि सर कधी सापडत नसत. म्हणून झुलाल अनवाणी पावलाला पाऊल लावून मोजायचा. कबड्डीच्या मैदानाच्या टोकापासून मधल्या रेषेपर्यंत सव्वीस पावलं. पुढे कधी टेप लावून पाहिला, तर बोटाचाही फरक निघायचा नाही.

"काय म्हणालास?" माणकचंदने विचारलं.

झुलाल उभा राहिला. त्याच्या काखेत कापडी पिशवी होती. "त्या दिन पाहुणा येनार व्हतात. मनी अठरा पावलं व्हयनी, आनि सर बूट लई उनात. म्हने, अनवाणी दिसू नको, हाई घाल. मी घाल्या. राहिलेली आठ पावलं बूटवर मोजी."

अठरा पावलं अनवाणी आणि पुढची आठ सरांनी आणून दिलेल्या बुटांनी. प्रत्येक पावलाला बूट दीड-एक बोट जास्त. मोजणी इमारतीकडून सुरू, म्हणून आठ पावलांत मधली रेषा पलीकडच्या विहिरीच्या बाजूला सरकली. दुसऱ्या डावात विहिरीच्या बाजूला धुळ्याचा संघ होता. म्हणजे कुंदनला परत यायला तेवढं कमी अंतर.

माणकचंद माझ्याकडे वळला आणि खदखदून हसला. "आबा, ह्याला तुम्ही शिकवलं ना? कबूल करा."

पडवीभर हशा झाला. मी शपथ घ्यायला तोंड उघडलं, तसा तो आणखी वाढला. तीस हजार माणसं आणि बगळे, सगळे त्या घटकेला झुलालच्या आड आले.

नवल एकटा हसला नव्हता. "कधी कळलं तुम्हाला, नाना?"

"दुसरे दिन सकाये. टेप लावा आनि बठी रेघ पानी टाकी पुसी दिन्ही." झुलालने काखेतली पिशवी पुढे घेतली. "त्याच खुशीमा कॉलेजनी माले कायम करं. मंग मी काय बोलू?"

"किती सरकली होती?"

झुलालने नुसता पंजा ताणून दाखवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत.

नवल उठला. "चला, दाखवा."

मैदानाच्या टोकांना गाडलेल्या विटा अजून जागच्या जागी आहेत. झुलालने चपला काढल्या. इमारतीकडच्या विटेपासून निघाला, टाचेला अंगठा लावत, ओठ हलवत. आमच्यातलं कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. सव्वीसला थांबून त्याने फक्कीची रेघ मारली. रेघ सरळ आली. मग तो परत विटेशी गेला. अठरा पावलं मोजली, तिथेच खाली बसला आणि पिशवीतून बूट काढले. पांढरे कॅनव्हासचे, आता पिवळट. त्या एका दिवसानंतर पायात घातलेच नव्हते. ते घालून उरलेली आठ पावलं मोजली आणि दुसरी रेघ मारली.

"म्हाताऱ्याचं पाऊल वाढलं असेल," कोणीतरी मागून म्हणालं.

"आणि पहिल्या डावात विहिरीच्या बाजूला आम्ही होतो," माणकचंद घाईने म्हणाला. "तेव्हा तोटा आमचा झाला की!"

"पहिल्या डावात रेषेवर कोणी पडलं होतं का, शेठ?" नवलने विचारलं.

माणकचंदने चष्मा पुसायला घेतला.

नवल गुडघ्यावर बसला. त्याने उजवा पंजा जमिनीवर ताणला. अंगठा एका रेषेवर आला, करंगळी दुसऱ्या रेषेवर.

"मग छापायचं काय?" माणकचंदने हळूच विचारलं.

"जे छापणार होता तेच. कुंदन मला अंगावर घेऊन पडला, ते काही खोटं नाही." नवल उठला. झुलालकडे बघत म्हणाला, "फक्त तेव्हा सांगितलं असतं, नाना, तर..."

झुलाल मान खाली घालून बुटांच्या नाड्या सोडत होता. त्या सुटेनात. नवल परत वाकला आणि त्याने त्या सोडवून दिल्या. "जपून ठेवलेत चांगले," एवढंच म्हणाला.

धुळ्याच्या गाडीपर्यंत त्याला मी पोचवलं. स्टँडवर नळ दाखवून म्हटलं, हात धुऊन घ्या.

"राहू द्या. घरी बायकोला, बेबाबाईला दाखवायचाय हा हात. तिच्याच बापाने विचारलं होतं."

लोक मला आता त्या बैठकीचा दिवस सांगायला लावतात. दोन रेषांमधलं अंतर हातभर करावं, असं एक-दोनदा मनात आलं. केलं नाही.

गाडी सुटली तेव्हा नवल खिडकीशी होता. शाल मांडीवर होती. डाव्या हाताने त्याने समोरची दांडी धरली होती; उजवा हात शालीवर उताणा ठेवला होता, कशाला लागणार नाही असा. अंगठा पांढरा, करंगळी पांढरी.