सतरावी गाठ

शिलेरकडे सोळा गाठींची नावं होती, सतरावीचं नव्हतं. ओकच्या पानांमागे मसुरीएवढ्या, बटणासारख्या, लोकरीच्या गुंडीसारख्या गाठी कोणकोणत्या किड्यांनी करून ठेवल्यात, याची पुरी यादी गुरुवारी दुपारी विद्यापीठाच्या बाईंना द्यायची होती. दिली तर पेंजवेनच्या जंगलातली नोकरी तिची. नाही तर दुसऱ्या कुणाची.

आज गुरुवार. सोळा बरण्यांवर नावं लागली होती; सतरावी गाठ अजून बिननावाच्या बरणीत. आतली चिलटाएवढी गांधीलमाशी बाहेर आल्याशिवाय नाव कळणार नव्हतं, आणि तिला घाई नव्हती.

घाई हमागरीबला होती. शिलेरच्या या बापाने चाळीस वर्षं कातडी कमावणाऱ्यांसाठी मायफळं, म्हणजे ओकच्याच तुरट गाठी, निवडली होती, दातांनी. चावायचं, तुरटपणा जोखायचा, निकाल द्यायचा. पोरगी बरणीपुढे बसते पण बापाला विचारत नाही, हे त्याला चार दिवस टोचत होतं. दर पाच मिनिटांनी तो खोलीत यायचा, काहीतरी विसरल्यासारखा, आणि न आठवताच जायचा. शिलेर बरणी संडासलाही घेऊन जात होती.

"बाबा, चावायचं नाही."

"मी काही म्हणालो का?"

"तोंड हलतंय तुमचं."

बाराला जीपचा आवाज आला. शिलेर दारापर्यंत गेली. सात पावलं. वळून बघते तर बरणी उघडी, पानावर गाठ नाही आणि हमागरीबचा गाल फुगलेला.

"साखर आहे," तो म्हणाला. मग कट्‌ असा आवाज झाला आणि त्याचे डोळे मोठे झाले. जिभेवर काहीतरी चालत होतं.

"आ करा. मिटू नका. गिळायचं तर मुळीच नाही."

ती भिंग घेऊन बापाच्या तोंडात शिरली. दुसऱ्याच्या गाठीत फुकट राहणाऱ्या माश्याही असतात. याच जातीच्या आधीच्या दोन्ही गाठींतून तसले पोटभाडेकरूच निघाले होते. ही मालक की भाडेकरू ते ठरवायला तिने माशीच्या मिशांची पेरं मोजायला घेतली. माशी दाढेवर चढली. पुन्हा पहिल्यापासून. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बॅग खाली ठेवायचं विसरल्या.

"मालकच आहे," शिलेर म्हणाली. तिने माशी नळीत घेतली आणि यादीत नाव लिहिलं. पुढे सापडल्याचं ठिकाण हा रकाना होता. तिने लिहिलं: खालची डावी दाढ.

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि सही केली.

हमागरीबने तोंड मिटलं. "मालकच असणार," तो म्हणाला. "तुरट होती. मला विचारायचंस की." आणि तो उरलेल्या सोळा बरण्यांकडे बघू लागला.