बिनमाईकचं लग्न

मामा थेट शिलाई कारखान्यातच आला. मास्तरीण तेव्हा कापडाच्या थप्पीवर खडूच्या रेघेवरून कटर चालवत होती. कटिंगचं काम ती बघायची, म्हणून सगळे तिला मास्तरीणच म्हणत, सख्खा मामासुद्धा.

"वीस माणसांत लग्न? पळून चाललीयेस की काय?"

तिने कटर बंद केला. "हळू बोल, मामा. माणसं काम करतायत."

"अगं, माझ्या फर्निचरच्या दुकानाचं गावभर गिऱ्हाईक. मी हॉल बघून ठेवलाय. लोक शेण घालतील माझ्या तोंडात!"

"तुझ्या तोंडात ना? मग तू बघ."

मशीनवरच्या बायका मान खाली घालून हसल्या. मामा लालबुंद झाला. "तुझा बाप नाही म्हणून मी उभा राहिलो. थोरलीचं लग्न कसं दणक्यात लावून दिलं, विसरलीस?"

थोरल्या बहिणीच्या लग्नाचं नाव निघालं आणि मास्तरणीच्या डोक्यात तिडीक गेली.

तिची आई तरुणपणीच विधवा झाली होती. पदरात दोन मुली आणि शिकणारा धाकटा भाऊ, म्हणजे हा मामा. तिने उभं आयुष्य कापडाच्या मागावर काढलं आणि त्या खडखडाटात तिचे कान गेले. कानात यंत्र घातलं की समोर बसून बोलणाऱ्याचं कळायचं, पण गोंगाटात ते नुसतं किंचाळायचं. थोरलीच्या लग्नात हॉल माणसांनी फुललेला, चारी भिंतींना भोंगे. आईने यंत्र काढून पर्समध्ये टाकलं आणि कोपरा धरला. मामाने स्टेजवरून माईकवर तिला हाक मारली, पुन्हा मारली. तिला पत्ताच नाही. तेव्हा तो माईकमध्येच म्हणाला, "आमच्या ताईची रेंज गेलीय वाटतं!" सगळा हॉल हसला. सगळे हसतायत म्हणून आईही हसली.

"दणक्यात?" आता मास्तरणीचाच आवाज चढला. "त्या दणक्यातलं आईच्या कानावर काय पडलं, विचारलंस कधी? तिचे कान कुणाच्या शिक्षणापायी गेले रे? आणि तू माईकवर तिचीच टिंगल केलीस!"

"अगं, गंमत होती ती..."

"गंमत तुझी, आणि आई माझी. हॉल नको, बँड नको. यायचं तर माणसासारखा ये."

"नाही येत, जा! माझ्याशिवाय कसं लागतं तेच बघतो!" मामा तरातरा निघून गेला.

घरी आईला हे कळलं तेव्हा ती रडायला लागली. "एकुलता एक भाऊ माझा. कशाला दुखवलंस? मी बसले असते की कोपऱ्यात."

मास्तरणीने हातातलं पातेलं आपटलं. तिच्यासमोर बसून ती म्हणाली, "तेच नकोय मला! कोपऱ्याची तुला एवढी सवय झालीय की रागही येत नाही. म्हणून मला दुप्पट येतो."

लग्न नवऱ्या मुलाच्या बेकरीमागच्या खोलीत लागलं. एक लांब टेबल आणि भोवती घरची माणसं. आवाज नको म्हणून पंखासुद्धा बंद. घाम पुसत एकेकजण नवरा-नवरीसाठी दोन शब्द बोलला. एक बोलताना बाकीचे गप्प. नवरदेव खुर्ची ओढून आईच्या पुढ्यात बसला. "आई, पहाटे भट्टी पेटवायची असते, त्यामुळे संध्याकाळ झाली की मी पेंगतो. पण जागा असेन तोवर तुमच्या लेकीचं ऐकेन."

"न ऐकून सांगता कुणाला? ती ओरडतेच एवढी!" आई म्हणाली आणि टेबलभर हशा पिकला. मास्तरणीचे डोळे भरून आले.

जेवणं चालू असताना मामी आली, एकटीच. "ते दुकानात बसलेत. शटर ओढून," ती आईच्या जवळ वाकून म्हणाली.

मामा आला नाही तर आपल्याला बरंच वाटेल, असं मास्तरणीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. उलट रागाने तिने ताट पुढे ढकललं. सख्ख्या बहिणीच्या घरचं कार्य, आणि ह्याला चार पावलं टाकवेनात!

आई उठून डबा भरायला लागली.

"काही पाठवायचं नाही," मास्तरीण म्हणाली. "भूक लागली तर येईल."

आईने डाव टेबलावर आपटला. "तो माझा भाऊ आहे! त्याला काय द्यायचं, काय सुनवायचं, ते मी ठरवेन. तू मध्ये बोलायचं नाहीस." मग मामीकडे वळून म्हणाली, "डबा दे आणि सांग, उद्या ताई दुकानात येणार आहे. त्या माईकचा जाब विचारायला."

मामीने डबा घेतला. मास्तरीण आ वासून आईकडे बघत राहिली.