पिशवीतली मिरची

टॅब पुस्तकातल्या चित्रावर धरला, की पडद्यावर पानातून मिरचीचं फूल उठून हातभर उंच व्हायचं. मधमाशी यायची आणि पराग घेऊन दुसऱ्या फुलावर जायची. शेवटी प्रश्न यायचा: पराग कोण नेतं?

चौथीच्या सहाही गटांनी माणसाच्या चित्रावर बोट ठेवलं. सहाही टॅबवर लाल फुली उमटली.

हिमानी मॅडमनी मागे पाहिलं. तिथे केंद्रप्रमुख भगवानराव कागद घेऊन बसले होते. टॅब शाळेकडे राहणार की परत जाणार, ते आजच्या गुणांवर ठरायचं होतं.

"माणूस कसा?" मॅडमनी विचारलं.

"आमची माय नेते रोज," निशिगंधा म्हणाली. "डबीत पराग घेते अन् बोटानं लावते. माशी जाळीत घुसली तर मालक वरडते."

गावातल्या निम्म्या आया शेडनेटच्या जाळीत संकरित बियाण्याच्या मिरचीवर कामाला जात. पोरांनी पाहिलं तेच दाबलं होतं.

भगवानराव खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पुन्हा घ्या. मधमाशी दाबा म्हणा, विषय संपला. डोक्याले ताप काऊन?"

मॅडमचा हात टॅबकडे गेला आणि मधेच थांबला. त्यांनी वर्गाला विचारलं, "आणि जाळीबाहेरच्या मिरचीचं काय?"

"तिथं माशी."

"कशावरून?"

मग निशिगंधा म्हणाली, "एका कळीले पिशवी बांधू. माशी नाही, माय नाही. मंग मिरची धरतच नाही."

शाळेच्या परसबागेत दोन कळ्या निवडल्या. एकीला कागदी पिशवी बांधली, दुसरीला खुणेचा दोरा. भगवानरावांनी घड्याळ पाहिलं आणि शून्य लिहिलं. शनिवारी टॅबचं खोकं गाडीला बांधताना ते एवढंच म्हणाले, "तुमी बी ना, मॅडम."

दहाव्या दिवशी पिशवी सोडली. दोरा बांधलेल्या देठाला बोटाच्या पेराएवढी मिरची लागली होती. पिशवीतही लागली होती, तेवढीच.

"म्हणजे आपुनबी चुकलो," निशिगंधा म्हणाली.

"हो."

"अन् टॅब?"

"तोही. अर्धा."

निशिगंधा झाडापाशी उकिडवी बसली. एक कळी उकलून तिनं आतल्या पुंकेसरांकडे बराच वेळ पाहिलं.

"माय पहिले चिमट्यानं आतले नर काढते," ती सावकाश म्हणाली. "पराग त्यातच असते. आपुन काढलेच नाहीत. फुलानं आपलं आपणच लावून घेतलं असंन."

"असेल की आहे?"

निशिगंधानं हात पुढे केला. मॅडमनी प्रयोगाच्या पेटीतला चिमटा तिच्या हातावर ठेवला आणि नवी पिशवी उघडली.