सविता पळत नाही

पेठजवळच्या आश्रमशाळेतून सविता भोये नाशिकच्या कॉलेजात आली, तेव्हा प्रवेशाच्या फॉर्मवर खेळाच्या रकान्यात तिनं 'सॉफ्टबॉल, पिचर' असं लिहिलं होतं. क्रीडा विभागाच्या सुनील सरांनी ते खोडलं आणि वर 'क्रॉसकंट्री' लिहिलं.

"तुमच्याकडच्या मुली पळतात," ते म्हणाले. "डोंगरातला दम असतो. आणि आपल्याकडे मुलींचा सॉफ्टबॉल संघच नाही."

"सर, मला पळायला आवडत नाही."

"खेळाडू म्हणून हॉस्टेल मिळालंय तुला. उद्या सहाला ट्रॅकवर ये."

ती सहाला मैदानावर आली, पण ट्रॅककडे फिरकली नाही. कुंपणाच्या भिंतीवर तिनं खडूनं चौकट काढली, तेरा मीटर अंतर मोजलं आणि हात खालून गरकन फिरवत चेंडू चौकटीत मारत राहिली. पाच दिवस हेच चाललं. सहाव्या दिवशी नोटीस आली, पंधरा दिवसांत हॉस्टेल सोडा.

वडील, भिका, तेव्हा दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला होते. तिनं फोनवर सगळं सांगितलं.

"पळ ना मग. काय जातंय तुझं?"

"आबा, मी सात वर्षं चेंडू टाकतेय. ते मला विचारतसुद्धा नाहीत."

मग ते म्हणाले, "तुझं तू बघ. घरी आली तरी मी रागावणार नाय."

तिला घरी जायचं नव्हतं. तिनं नोटीस पुन्हा वाचली. कॉलेजच्या 'कोणत्याही एका खेळात' भाग घेणं बंधनकारक आहे, असं त्यात लिहिलं होतं. ती तोच कागद घेऊन सरांसमोर उभी राहिली.

"संघ मी जमवते, सर. तुम्ही फक्त आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाव द्या."

"नऊ मुली आणशील?" सरांना गंमत वाटली. "आण. देतो नाव. स्पर्धा होईपर्यंत नोटीस थांबवतो."

देवळाली कॅम्पची निकिता कॉलनीतल्या पोरांत विकेटकीपिंग करायची, तिला सवितानं कॅचर केलं. खो-खोच्या तिघी आल्या, हॉस्टेलच्या तिघी आल्या. सविता धरून नववी स्नेहल, दिवसभर लायब्ररीत बसणारी. ती म्हणाली, "मला चेंडूची भीती वाटते."

"वाटू दे. उभी राहा फक्त."

आश्रमशाळेत सॉफ्टबॉल शिकवणाऱ्या किशोर सरांनी जुन्या ग्लोव्हजचं पोतं एसटीनं पाठवलं, आणि बारा दिवसांत नऊ जणी तयार झाल्या, म्हणजे निदान कुठं उभं राहायचं ते त्यांना कळायला लागलं.

पहिलाच सामना गेल्या वर्षीच्या विजेत्यांशी पडला. पहिल्या तिन्ही बॅटर सविताच्या चेंडूवर हवेत बॅट फिरवून परतल्या. विजेत्यांच्या बाकावरचं हसणं थांबलं. पण चेंडू बॅटला लागला की पंचाईत व्हायची. स्नेहलच्या हातून दोन झेल सुटले. एकदा निकितानं बेसकडे फेकलेला चेंडू थेट कुंपणापर्यंत गेला. तेवढ्यात तीन जणी होम प्लेटवर पोहोचल्या आणि तीन धावा झाल्या. सवितानं कुणाकडे डोळे वटारून पाहिलं नाही. चेंडू घेतला आणि पुन्हा टाकायला उभी राहिली. सामना चार-एकनं गेला. मात्र त्यात तेरा बॅटर एकट्या सवितानं बाद केल्या होत्या. विद्यापीठाच्या निवड समितीच्या बाईंनी वहीत तिचं नाव लिहून घेतलं. आठवड्यानं विद्यापीठाच्या संघाची यादी लागली. पहिल्या वर्षाची एकच मुलगी त्यात होती, सविता.

नोटीस मागे घेतली गेली. सुनील सर फोटोग्राफर घेऊन मैदानावर आले.

"भोये, एकटी पुढे ये. आणि ऐक, विद्यापीठाचं उरकलं की क्रॉसकंट्रीलाही नाव टाकतो तुझं."

"टाकू नका, सर. मी येणार नाही."

"अजून तेच?"

"हो. आणि फोटो काढायचा तर नऊ जणींचा काढा. शिवाय सकाळी सहा ते आठ आम्हाला मैदान हवंय."

"तेव्हा ट्रॅकवाले असतात."

"मैदानाचा मधला भाग मोकळाच असतो. आम्ही तिथं खेळू."

फोटोग्राफर कॅमेरा धरून थांबला होता. सरांनी घड्याळात पाहिलं, मग मान फिरवून म्हणाले, "बोलव सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी सहाला आठ जणी हजर होत्या. स्नेहल सव्वासहाला धावत आली. सवितानं तिला झेलासाठी उभं केलं आणि पहिला चेंडू उंच उडवला.